हात लावू नये

वर्षअखेरच्या साफसफाईत शुहेइच्या वाट्याला देवघर आलं, तिथंच सगळं बिनसलं. संडास आला असता तर बिचारा सुटला असता.

देवघरात धूळ अशी फारशी नव्हतीच. भिंतीवर सासऱ्यांच्या आजोबांचा फोटो, शेजारी वडिलांचा, खाली उदबत्तीचं भांडं. आणि पूर्वजांच्या बरोब्बर नजरेसमोर एक खोक्यासारखा जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला, टीव्हीहूनही जुना व्हिडिओ गेम. कधीकाळी तो पांढरा होता म्हणे. आता लोणच्यातल्या मुळ्यासारखा पिवळा पडला होता. त्याच्या डोक्यावर सासूबाईंनी त्यांच्या छपाईच्या मशीनवर काढलेलं लेबल चिकटवलेलं होतं: हात लावू नये.

आता सासूबाईंच्या लेबलांना त्या घरात कोण भीक घालत होतं? साचिएबाईंना सेलमध्ये ते लेबल छापायचं मशीन मिळालं, तेव्हापासून घरातली एकही वस्तू नावाशिवाय उरली नव्हती. मिठाच्या बरणीवर 'मीठ'. साखरेच्या बरणीवर 'मीठ नाही'. सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीवर 'चष्मा, इथेच आहे'. दिव्याच्या बटणावर 'दिवा' आणि त्याखाली 'विझवा'. अशा घरात 'हात लावू नये' हे माणूस वाचतो आणि हात लावतो.

शुहेइनं हात लावला. नुसता लावला नाही, पेचकस घेऊन उघडला. आत एक झुरळ होतं, ते बहुधा मागच्या सम्राटाच्या काळात वारलं असावं. मग त्याला चेव चढला. वरचं आणि खालचं कवच त्यानं न्हाणीघरात नेलं, भांड्यांचा साबण लावून घासलं, मागच्या बाजूला एक चिकट कागद होता तोही काथ्यानं खरवडून काढला, आतली सर्किटची पाटी दातांच्या ब्रशनं झाडली आणि सगळं उन्हात वाळवून परत जोडलं. एक स्क्रूसुद्धा उरला नाही. त्यानं बायकोला हाक मारली.

"चिनात्सु! ये, बघ. नवं कोरं!"

चिनात्सु फडकं घेऊन दारात आली आणि तिथंच थिजली. "तू हे उघडलंस?"

"उघडलं, धुतलं, जोडलं."

"बाबांना विचारून?"

"लोक देवाच्या मूर्तीसुद्धा धुतात वर्षातून एकदा."

"मूर्ती परत चालू कराव्या लागत नाहीत," चिनात्सु म्हणाली. "चालू कर बघू."

शुहेइनं ऐटीत वरची लाल पट्टी सरकवली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. परत मागे, परत पुढे. मुंग्याच. या जातीच्या यंत्राला चालू असल्याचा दिवाबिवा काही नसतो, त्यामुळे ते झोपलंय, मेलंय की रुसलंय हे फक्त टीव्ही सांगतो, आणि टीव्ही तर मख्ख.

"झालं," चिनात्सु म्हणाली. "आता हो अध्यक्ष."



हे अध्यक्षपद म्हणजे आळीच्या मंडळाचं. ते कुणालाच नको असतं. कचऱ्याच्या ढिगावर कावळ्यांसाठी जाळं टाकायचं, ते कावळ्यांनी फाडलं की शिवायचं, सूचनांची फाइल या घरातून त्या घरात फिरते ती कुणाच्या उशाखाली अडकली ते शोधायचं, थंडीत 'आग सांभाळा' ओरडत लाकडी टिपऱ्या बडवत हिंडायचं, आणि दर रविवारी सकाळी, कोंबडासुद्धा कूस बदलत असताना, आळीची नाली उपसायची. पूर्वी चिठ्ठ्या टाकून अध्यक्ष ठरे. त्यात मारामारी झाली, एकाचे दात पडले, तेव्हा शुहेइचे सासरे तोकुझो आणि समोरचा न्हावी तोयोनागा यांनी आळीच्या वतीनं तोडगा काढला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उशिजिमांच्या, म्हणजे तोकुझोंच्याच, देवघरात व्हिडिओ गेमवर सुमो कुस्ती. हरेल तो वर्षभर अध्यक्ष. आणि एक पोटनियम: ज्याच्या घरी यंत्र, त्यानं ते चालू ठेवायचं. बंद पडलं तर यजमान हरला.

तो खेळ म्हणजे डोकं लावायचा प्रकारच नव्हे. दोन जाडे पैलवान एकमेकांना भिडतात आणि ज्याचा अंगठा जास्त वेगानं बटण बडवेल त्याचा पैलवान दुसऱ्याला ढकलतो. तोकुझोंनी उभा जन्म माशाचा खिमा मळून त्याच्या वड्या थापल्या होत्या. त्यांचा अंगठा म्हणजे खलबत्ता. न्हाव्याची बोटं नाजूक. त्यामुळे गेली कित्येक वर्षं अध्यक्ष तोयोनागाच होता आणि त्या काळजीत त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे सगळे केस गेले होते. न्हाव्याच्या धंद्याला ते काही बरं दिसत नव्हतं.

सासरे हरले तर अध्यक्ष सासरेच होतील, पण ते नावापुरते. शुहेइ घरजावई. लग्नात आडनाव या घरचं घेतलं, तेव्हापासून या घरचं जे जे जड, ओलं आणि वास मारणारं, ते ते त्याच्याकडे. आठवडाभर पहाटे उठून तो दुकानात वड्या तळायचा. त्याच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच चीज उरली होती: रविवारची सकाळची झोप.

तीच आता त्या धुतलेल्या डबड्यात अडकली होती.

शुहेइ तसा पद्धतशीर माणूस. भिंतीपासून सुरुवात करायची, एक एक कडी तपासत आत जायचं. भिंतीतल्या सॉकेटला त्यानं चिनात्सुचा केस वाळवायचा पंखा लावला. भणाणला. म्हणजे भिंत निर्दोष. पुढची कडी अडॅप्टर. खालच्या फळीवर दोन अडॅप्टर एकमेकांना बिलगून पडलेले असत, दिसायला अगदी जुळे. एकावर सासूबाईंचं लेबल 'गेम', दुसऱ्यावर 'पाय'. दुसरा सासऱ्यांच्या पाय दाबायच्या मशीनचा. त्यानं 'गेम'वाला उचलला आणि दुकानातून वाफेच्या पेटीसाठी ठेवलेला मीटर आणायला गेला.

तिथं सासरे होतेच. "जावईबापू, मीटर कुठे निघाला?"

"वाफेची पेटी जरा बघतो म्हटलं, बाबा."

"वाफेची पेटी ही काय इथे आहे. तू तिकडे निघालास."

"आधी मीटरच बरोबर आहे का ते बघतो."

तोकुझोंनी जावयाकडे पाहिलं. माशाकडे बघतात तसं, कल्ले उघडून. मग म्हणाले, "नवीन वर्षाला तयार राहायचं. यंदा त्या टकल्याला पहिल्या दहा कुस्त्यांतच लोळवतो. अंगठा नुसता फुरफुरतोय."

मीटरनं दहा दाखवले. अधिक-उणं काही विचारायचं शुहेइला सुचलं नाही. आकडा आला, झालं. अडॅप्टर निर्दोष. मग कॅसेट. कॅसेटच्या तोंडात त्यानं फुंकर मारली, कारण त्याच्या पिढीतला प्रत्येक माणूस मारतो आणि त्यानं काहीही होत नाही. मग चिनात्सुनं मारली. मग दोघांनी मिळून. टीव्हीवर मुंग्याच.

"पुन्हा उघड," चिनात्सु म्हणाली.

"उघडतो. पण आणखी काही मोडलं तर?"

"मेलेलं आणखी किती मरणार?"

तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यात. "काय रे, देवघरात काय गुडगुड चाललीय?"

"काही नाही आई! पूर्वजांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा देतोय."

"अजून वर्ष लागायचंय. खाली ये, मोचीसाठी चिकट भात कुटायचा आहे."

मोची कुटून झाल्यावर दुकानात वर्षअखेरची गर्दी. आळीतल्या घराघरांत नव्या वर्षाचे डबे रचायला माशाच्या वड्या हव्यात आणि तळणारा एकच. कढईसमोर उभा शुहेइ मनातल्या मनात क्षमेची वाक्यं जुळवत होता. शेवटच्या दिवशी त्यानं मिठाईवाल्याकडून गोड गुंडाळीच्या केकचा एक खोका घेतला, त्यातल्या त्यात महागातला. माफी मागायची तर रिकाम्या हातानं कशी मागणार?

*

नव्या वर्षाच्या सकाळी तोयोनागा आला तो टक्कल चकाकवत, कोट घालून, उत्सवाला आल्यासारखा. साके, म्हणजे तांदळाची दारू, झाली, मोचीचं सूप झालं, डबे उघडून सगळ्यांनी काळे घेवडे आणि वड्या खाल्ल्या. शुहेइ काड्यांनी नुसते घेवडे मोजत बसला.

"चला," तोकुझो मांडी चोळत उठले. "पैलवान वाट बघतायत."

देवघरात सगळे बसले. तोकुझोंनी यंत्र पाहिलं. "अरे? हे पांढरं कसं झालं?"

"देवघरात ठेवून ठेवून पुण्य लागलं असेल," तोयोनागा म्हणाला.

तोकुझोंनी लाल पट्टी सरकवली. मुंग्या. पुन्हा सरकवली. तोयोनागाच्या चेहऱ्यावर हळूहळू सूर्य उगवत गेला.

"पोटनियम," तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

शुहेइनं मागे ठेवलेला खोका दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि कपाळ चटईला टेकवलं. "बाबा, चूक माझी. मी उघडलं. मी धुतलं."

आता झालं असं, की त्या आळीत एकानं कपाळ टेकवलं की बाकीच्यांना गप्प बसवत नाही. साचिएबाई लगेच वाकल्या. "नाही हो, चूक माझीच. त्याला देवघर मीच दिलं. संडास द्यायला हवा होता."

चिनात्सु वाकली. "चूक माझी. कॅसेटवर फुंकर मीही मारली."

तोकुझो घरचे कर्ते. त्यांनी मान लववली. "घरात काय चालतं ते मला माहीत नाही, ही चूक माझी."

आणि तोयोनागा, सत्तर वर्षांचा सभ्य माणूस, कुणी मागितलं नसताना, निव्वळ सवयीनं वाकून म्हणाला, "छे छे, असं म्हणू नका, चूक माझीच. गेल्या वर्षी माझ्याच हातून त्याच्यावर थोडी साके सांडली होती ना."



तोकुझोंनी मान हळूहळू वर केली. "काय सांडली होती?"

"कुठे काय?"

"साके. माझ्या यंत्रावर. गेल्या वर्षी. आणि वर्षभर तू मूग गिळून?"

"अरे, तसं बोलायची पद्धत असते! सगळे वाकले म्हणून मीही वाकलो. मी काय एकटा ताठ बसू?"

"म्हणजे यंत्र पाहुण्यानं मोडलं," तोकुझो गरजले. "पोटनियम उलटा! अध्यक्ष तूच!"

"सांडली असेल तर एक थेंब! आणि तुझ्या जावयानं अख्खं बुचकळून काढलं, ते?"

"मी आत्ता मागितलेली माफी परत घेतो," शुहेइ पटकन म्हणाला.

"मीही," चिनात्सु म्हणाली.

"मी संडासाबद्दल म्हटलं तेवढंच ठेवते," साचिएबाई म्हणाल्या.

बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं, की अंधार पडेपर्यंत यंत्र चालू झालं तर कुस्ती. नाही झालं तर पोटनियमाप्रमाणे अध्यक्षपद उशिजिमांच्या घरात. तोयोनागा त्याला एका अटीवर तयार झाला: साके चालू राहील, आणि तो इथून हलणार नाही. "तुमच्या घरावर माझा विश्वास नाही. शेजारच्या आळीतून दुसरं यंत्र उचलून आणाल."

"बस की मग. कुणी हाकललंय?" तोकुझो म्हणाले. "पाय दाबून घे हवं तर. मशीन हे काय इथंच आहे."

तोयोनागानं पाय दाबायच्या मशीनमध्ये पाय खुपसले आणि डोळे मिटले. शुहेइ यंत्र मांडीवर घेऊन बसला. त्याच्या डोळ्यांसमोर येणारे सगळे रविवार एका ओळीत गमबूट घालून चालले होते.

मशीन घरघरायला लागलं. थोड्याच वेळात तोयोनागा ओरडला.

"अरे, हे माझे मोजे काढतंय!"

खरंच. मशीनमधले गोळे टाचेकडून बोटांकडे फिरत होते आणि न्हाव्याचा मोजा बोटांवरून सुटून पुढे लोंबायला लागला होता, जिभेसारखा.

"ते हल्ली तसंच करतं," तोकुझो अभिमानानं म्हणाले. "आधी बोटांकडून टाचेकडे दाबायचं. साफसफाईनंतर उलटं दाबायला लागलं. पण काय छान दाबतं! मी तर मोजे काढायला आता वाकतच नाही."

"साफसफाईनंतर?" शुहेइनं विचारलं.

"हो ना. बहुतेक धूळ निघाल्यामुळे."

शुहेइ त्या लोंबत्या मोज्याकडे बघत राहिला. तळणीच्या खोलीतला वास ओढून टाकणारा पंखा त्यानंच एकदा उलट्या तारा लावून जोडला होता, तेव्हा सगळा धूर दुकानात घुसून गिऱ्हाईकं रडत बाहेर पळाली होती. तारा उलट्या, की मोटर उलटी. मोटर उलटी, की मोजा पुढे.

"आई," तो हळूच म्हणाला, "अडॅप्टरवरची लेबलं तुम्ही साफसफाईत काढली होती का?"

"काढली तर! चिकट झाली होती. दोन्ही काढली, अडॅप्टर स्वच्छ पुसले, लेबलं नवी छापली आणि परत लावली."

"कुठलं कुठल्यावर?"

साचिएबाईंनी आधी एक अडॅप्टर न्याहाळला, नंतर दुसरा. मग म्हणाल्या, "दिसायला सारखेच आहेत ते."

"म्हणजे पाय दाबायचा अडॅप्टर गेमला आणि गेमचा पायाला!" चिनात्सु म्हणाली.

"मीटरवर मी आकडा बघितला, चिन्ह नाही," शुहेइ म्हणाला. "या यंत्राला पिनेच्या मध्यभागी उणं टोक लागतं. तसं मागच्या कागदावर छापलेलं असणार."

"मग कागद बघ ना!"

"तो मी काथ्यानं खरवडला."

तोकुझोंनी भिंतीवरच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनीही काही मदत केली नाही.

"म्हणजे तुम्ही यंत्रात उलटा करंट सोडला," तोयोनागा मोजा ओढत म्हणाला. "जळलं असणार. फट्. राख. अभिनंदन, तोकुझो. कावळे फार हुशार आहेत हां, जाळ्याला गाठ मारत जा."

अडॅप्टर बदलले. मोजा आता नीट मागे सरकायला लागला, तोकुझोंनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. शुहेइनं श्वास धरून लाल पट्टी सरकवली.

मुंग्या.

"राख," तोयोनागा म्हणाला.

शुहेइनं पेचकस घेतला. आता काय जायचं राहिलंय? स्क्रू काढले, वरचं कवच उचललं, नाक आत घातलं. जळल्याचा वास नाही. काळा डाग नाही. वास फक्त भांड्यांच्या लिंबू साबणाचा. त्यानं लाल पट्टी हातात धरून मागेपुढे केली. वरून दिसते ती पट्टी म्हणजे नुसतं प्लास्टिक. तिच्या पोटाला दोन पायांचा एक चिमटा, तो आतल्या खऱ्या, पिटुकल्या बटणाला कवेत घेतो आणि ओढतो. आणि जोडताना शुहेइनं तो चिमटा बटणाच्या शेजारून नेला होता. पट्टी खुशाल सरकत होती, खट्ट आवाजही करत होती. आतलं बटण आपल्या जागी ढिम्म.

तो हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून.

"गेला," तोयोनागा म्हणाला. "ताण आला. अध्यक्षपदाचं असंच असतं, मला पहिल्याच महिन्यात झालं होतं."

"जळलं नाही!" शुहेइ म्हणाला. "बटण कधी चालूच झालं नव्हतं! आईंनी उलटा करंट दारापर्यंत आणला, पण मी दारच असं बसवलं की ते उघडेना. आईंची चूक आत शिरली असती तर यंत्र खलास. माझ्या चुकीनं ती बाहेर अडवली!"

साचिएबाईंनी यावर थोडा विचार केला. "म्हणजे आपण दोघांनी मिळून वाचवलं."

"अगदी."

"मग तो केकचा खोका उघडू या," त्या म्हणाल्या. "माफीची गरज उरली नाही."

*

चिमटा बटणावर बसला, कवच मिटलं, पट्टी सरकली आणि टीव्हीमधून तुतारीसारखा किरटा आवाज आला. दोन पैलवान, डावीकडे लाल लंगोटाचा, उजवीकडे निळ्या. तोकुझोंनी नेहमीप्रमाणे एक नंबरचा कंट्रोलर घेतला, लाल पैलवान त्यांचा. तोयोनागानं दोन नंबरचा घेतला आणि तोंड पाडून बसला. पंधरा कुस्त्या, ज्याच्या जास्त तो जिंकला.

पहिल्या कुस्तीला तोकुझोंचा अंगठा असा चालला की चटई थरथरली. लाल पैलवान उडून बाहेर पडला.

"थंडीमुळे," तोकुझो म्हणाले. "अंगठा गरम व्हायचाय."

दुसरीत त्यांनी दात खाऊन बटण बडवलं. लाल पैलवान पुन्हा बाहेर, पहिल्यापेक्षा लवकर. तिसरी, चौथी, पाचवी. तोकुझोंच्या कपाळावर घाम. जितकं जास्त बडवावं तितकं जोरात आपटावं! तोयोनागाला आधी विश्वास बसेना, मग तो गाणं गुणगुणायला लागला.  यंत्र चालू झालं आणि सासरे हरतायत, याला काय अर्थ आहे? एकवेळ बंद पडलेलं परवडलं असतं, निदान तोयोनागा काकांच्या साकेवर ढकलता आलं असतं.

आठव्या कुस्तीच्या मध्यातच तोयोनागाच्या टकलावर माशी बसली. त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि माशी हाकलली. निळ्या पैलवानानं त्याच्याशिवायच लाल पैलवानाला उचलून प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत फेकलं.

"आठ!" तोयोनागा ओरडला. "जिंकलो! आणि गंमत म्हणजे मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता!"

हे बोलून तो स्वतःच थांबला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून शुहेइकडे पाहिलं.

"शुहेइ," चिनात्सु म्हणाली, "कंट्रोलरच्या तारा आतल्या बाजूला जोडलेल्या असतात का रे?"

"असतात."

"आणि त्या तू काढल्या होत्यास?"

"धुवायच्या तर काढाव्या लागणारच."

"आणि परत लावताना?"

"दिसायला सारख्याच होत्या त्या," शुहेइ म्हणाला, आणि साचिएबाईंनी पहिल्यांदाच जावयाकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

तोकुझो उसळले. "म्हणजे निळ्या पैलवानाला माझा अंगठा चालवत होता! म्हणजे जिंकलो मी!"

"कसला तू? जिंकला निळा. निळा कुणाचा? माझा."

"अंगठा कुणाचा?"

"पाटीवर नाव अंगठ्याचं लागतं का पैलवानाचं?"

"तू माशी मारत होतास!"

"तरी जिंकलो! याला म्हणतात कौशल्य!"

"मी हरलेलो नाही!"

"मीही हरलेलो नाही!"

दोघंही दमून खाली बसले. काही केल्या हरलेला माणूस सापडेना. मग हळूहळू दोन्ही म्हाताऱ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या, जिथं पेचकस हातात घेऊन एक घरजावई बसला होता.

"तारा यानं बदलल्या," तोयोनागा म्हणाला.

"कागद यानं खरवडला," तोकुझो म्हणाले. "तरुण आहे. उंच आहे. कावळ्यांना घाबरत नाही."

शुहेइनं पेचकस खाली ठेवला. कपाळ टेकवायला चटईवर जागासुद्धा बघून ठेवली.

"मी होते," साचिएबाई केक कापता कापता म्हणाल्या.

"काय होतेस?"

"अध्यक्ष."

दोघं म्हातारे एकदमच हसले. साचिएबाई हसल्या नाहीत, तसे तेही थांबले.

"बायका कुठे अध्यक्ष होतात?" तोकुझो म्हणाले. "फार त्रासाचं काम आहे ते, साचिए."

"त्रास? दरवर्षी दोन माणसं बटणं बडवतात, एक हरतो आणि मग वर्षभर कण्हतो. ती फाइल कुणाकडे अडकलीय ते तोयोनागांना दर खेपेला कोण सांगतं? कचऱ्याच्या पेट्यांवर 'काच', 'कागद', 'ओला' कुणी चिकटवलं? मला कुणी कधी विचारलंच नाही. मी मागायला गेले असते तर बरं दिसलं नसतं. आता दोघंही जिंकलात, तर जिंकल्यासारखे गप्प बसा आणि केक खा."

त्यांनी कापलेले तुकडे वाटले. तोयोनागानं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी सुटल्याचं ते होतं. टकलाला हात लावून म्हणाला, "आता कदाचित परत येतील."

"नाली मात्र रविवारी उपसलीच पाहिजे," साचिएबाई म्हणाल्या. "कोण उपसणार ते मी लेबलावर छापून लावीन. ज्याच्या दारावर जे असेल ते त्यानं करायचं. कुरकुर चालणार नाही."

शुहेइला झालेला आनंद केक घशाखाली जायच्या आत ओसरला. रोज पहाटे कढईसमोर उभं राहणाऱ्या धडधाकट जावयाच्या दारावर काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

*

पहिला रविवार उजाडला. शुहेइ सवयीनं आणि भीतीनं जागा झाला. खाली फावड्यांची खरखर चालली होती. त्यानं खिडकी बोटभर उघडली. नालीत गमबूट घालून तोकुझो आणि तोयोनागा वाकले होते.

"आणि तुझा जावई कुठाय?" तोयोनागा धापा टाकत विचारत होता.

"त्याच्या दारावर लेबल आहे. अध्यक्षीणबाईंचा हुकूम. आपण काय बोलणार?"

शुहेइनं खोलीचं दार हळूच ढकललं आणि बाहेरून पाहिलं. दारावर सरळ, कोरं, नवं लेबल: हात लावू नये.

त्याला भरून आलं. सासूबाईंना कळतं! सगळं कळतं! त्याच भरात तो लघवीला निघाला आणि वाटेत देवघरात डोकावला. यंत्र पांढरंशुभ्र बसलं होतं. त्याच्या डोक्यावर, जुन्या लेबलाच्या जागी, तसंच सरळ नवं लेबल: शुहेइ, नाली, रविवार.

 पूर्वज वरून बघत होते. लेबलं जाणूनबुजून लावली होती की अडॅप्टरवरच्यांसारखी पुन्हा इकडची तिकडे झाली होती? एकच प्रश्न विचारला की कळलं असतं. सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या. भिंतीपासून सुरुवात करून एक एक कडी तपासत जाणारा हा पद्धतशीर माणूस, त्याच्या अगदी जिभेवर तो प्रश्न आला.

त्यानं देवघराचं दार आवाज न करता ओढून घेतलं, चवड्यांवर परत आला आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

खालून तोयोनागा काकांचा आवाज आला. "अरे थांब, थांब! माझा मोजा वाहून चाललाय!"